आरा मुंबईतच राहिले

मार्च २०२५मध्ये हुसेन यांचं एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींना गेलं आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. तो अजून धुमसतोय. दादरचा मामा म्हणतो, बाहेर भाव आला की मगच आपल्याला आपला चित्रकार दिसतो. मेहुण्याचं उलट: बाहेर गेले तेच मोठे झाले, सूझा १९४९ला लंडनला, रझा १९५०ला पॅरिसला. मग दोघेही माझ्यावर येतात. "तू लंडनला असतोस, तू सांग."

मी नाव घेतो चित्रकार के. एच. आरांचं.

१९१४चा जन्म, तिकडे सिकंदराबादजवळ बोलारमला. आई लहानपणीच गेली. पोरवयात पळून मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगही पाहिला. चित्रकला बरीचशी स्वतःच शिकलेला हा माणूस, हुसेन, सूझा, रझा ज्यात होते त्या चित्रकारांच्या १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या सहा संस्थापकांतला एक. जलरंग असा जाड थापायचे की तैलरंग वाटावा. त्यांच्या फुलदाणीतली फुलं नाजूक नसतात, अंगावर येतात. (मला त्यांच्या नग्नाकृतींपेक्षा फुलंच आवडतात, मामाला हे सांगितलेलं नाही.)

इथली, लंडनची, राष्ट्रीय संग्रहालयं फुकट बघता येतात. शाळेची पोरं जमिनीवर फतकल मारून चित्रं काढत बसतात, तेव्हा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण बघायला भिंती मिळाल्या म्हणून टांगायला मिळतात असं नाही. बाहेर जाणं म्हणजे मोठं होणं असतं, तर त्या सहांतलेच शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ला इथे येऊन, १९७५ला दापोलीजवळच्या मुरुडला का परतले असते?

आरा कुठे राहायला गेले नाहीत. काळ्या घोड्याजवळच्या आर्टिस्ट्स सेंटरसाठी खपले, नव्या पोरांची चित्रं भिंतीवर लागावीत म्हणून धडपडले, आणि १९८५ला मुंबईतच गेले. हे काम कुठल्या लिलावात मोजणार?

मेहुण्याला परवा विचारलं, कोटींचं सोड, तुझं ऑफिस फोर्टात, त्या सेंटरमध्ये कधी डोकावलास का? मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. रात्री उशिरा एकच ओळ आली: "तू डोकावला होतास का, इथे होतास तेव्हा?"

नव्हतो. समोरच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जायचो, तेही बहुतेक वेळा पावसापासून वाचायला.