तेरा फुटी रॉडवरील आक्षेपांना उत्तर

सॅल्मनच्या मासेमारीसाठी रॉड आणि इतर साधने कशी निवडावीत, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे: तेरा फुटी दोन हातांचा रॉड सुचवणे म्हणजे नवख्याला विनाकारण खर्चात पाडणे आहे, कारण नऊ फुटी एकहाती रॉडने भागते, पंधरा पौंडी लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला, पंधरा पौंडांच्या ताणापर्यंत टिकणारा बारीक दोरा) गरजेपेक्षा जाड आहे, आणि लाइनच्या क्रमांकाविषयी मी केलेले विधान चुकीचे आहे. यांपैकी तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य असल्याने त्यापासूनच सुरुवात करतो.

‘आठ क्रमांकाच्या रॉडला आठ क्रमांकाची लाइन’ एवढे लिहून मी थांबलो होतो, आणि ते दिशाभूल करणारे होते. एकहाती रॉडच्या मापात आठ क्रमांक म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन सुमारे साडेतेरा ग्रॅम. दोन हातांच्या रॉडसाठी बनवलेल्या आठ क्रमांकाच्या शूटिंग हेडचे (फेकीला जोर देणाऱ्या, लाइनच्या पुढच्या जड भागाचे) वजन मात्र ३० ग्रॅमच्या पुढे जाते. माझे वाक्य प्रमाण मानून कोणी एकहाती लाइन तेरा फुटी रॉडवर चढवली, तर रॉड पुरेसा वाकणारच नाही आणि तो बिचारा दोष स्वतःच्या हाताला देत बसेल. लाइन घेताना क्रमांकाऐवजी ग्रॅम पाहावेत, हे मी आधीच लिहायला हवे होते.

रॉडच्या लांबीबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. मोठा मासा ओढण्यासाठी लांब रॉड लागतो असे मी म्हटल्याचे आपण गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. तरफेच्या नियमाने पाहिले तर रॉड जितका लांब, तितका जोर माशाच्या बाजूने. खांबाला स्प्रिंगचा काटा बांधून त्यात लाइन अडकवावी आणि तेरा फुटी रॉड उभा धरून ओढून पाहावे. माझा काटा दोन किलोच्या आसपासच घुटमळला आणि मनगटे तेवढी भरून आली. लांबीची गरज मासा लागण्यापूर्वी असते. अटलांटिक सॅल्मन नदीत शिरल्यावर खाणे थांबवतो, त्यामुळे भूक त्याला फ्लायकडे (गळाला पिसे वगैरे बांधून केलेल्या बनावट माशीकडे) आणील या भरवशावर राहता येत नाही. फ्लाय योग्य वेगाने त्याच्या समोरून आडवी सरकली पाहिजे. मधला प्रवाह वेगवान आणि पलीकडचा काठ संथ असला की लाइनला कमान पडते आणि ती कमान फ्लायला फरफटत नेते. लांब रॉडने ती लाइन पाण्यावरून उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवता येते. नऊ फुटी रॉडने रुंद नदीत हे जमवणे फार कठीण जाते.

दुसरे कारण काठावरच्या झाडांचे. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आपल्यासारखाच एकहाती रॉडचा कैवारी होतो. गुडघाभर पाण्यात उभा, पाठीमागे अल्डरची झाडे थेट पाण्यापर्यंत उतरलेली. पहिल्या तासात तीन फ्लाय त्या झाडांनी ठेवून घेतल्या. लाइन मागे पूर्ण न नेता पाण्यावर टेकवून, वळसा देऊन पुढे फेकण्याच्या पद्धतीला त्या नदीचेच नाव मिळाले आहे, ते का, हे मला त्या सकाळी कळले. (एकहाती रॉडनेही ती फेक करता येते, परंतु पल्ला बराच कमी मिळतो.)

आता लीडर. पंधरा पौंड म्हणजे जवळजवळ सात किलो, आणि रॉडने दोन किलोचा ताणही मुश्किलीने देता येतो, मग एवढा जाड कशाला, हा आपला प्रश्न रास्त आहे. परंतु गाठीत ताकद घटते, खडकावर घासून लीडर कातरला जातो, आणि माशाच्या अचानक उसळीचा झटका संथ ओढीपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय बारीक लीडरच्या धास्तीने मासा तासभर खेळवत ठेवला, तर तो सोडल्यावर जगण्याची शक्यता घटते. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅल्मन परत सोडणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा हा विचार तिथे निव्वळ सौजन्याचा नाही. रिळाचा ड्रॅग (मासा ओढत असताना लाइन सुटण्याला रिळ करते तो विरोध) मी लीडरच्या ताकदीच्या सुमारे एक चतुर्थांशावर, घरीच काटा लावून ठेवतो.

१९२२ साली स्कॉटलंडमधल्या टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन यांनी पकडलेल्या ६४ पौंडांच्या सॅल्मनचा दाखला आपण दिला आहे. तो मासा ब्रिटनमधला विक्रम आहे, हे खरे. मात्र तो फ्लायवर लागलेला नव्हता आणि बॅलंटाइन बोटीत होत्या, वल्ह्यांवर त्यांचे वडील होते. मासा धावेल तिकडे बोट नेता येत असेल, तर साधनांच्या अनेक उणिवा वल्ही भरून काढतात. काठावर उभ्या असलेल्या माणसाला ही सोय नसते, त्यामुळे त्याच्या रिळावर दीडशे-दोनशे यार्ड बॅकिंग (लाइनच्या मागे जोडलेला राखीव दोरा) असावे लागते.

एकच रॉड घ्यायचा असेल तर कोणता, असे आपण शेवटी विचारले आहे. ज्या नदीवर सर्वाधिक दिवस जाणार, तिच्या रुंदीवर ते ठरवावे. लहान नदी असेल आणि मागे मोकळी जागा असेल, तर आपला एकहाती, आठ क्रमांकाचा, साडेनऊ ते दहा फुटी रॉड उत्तम, आणि तिथे माझा तेरा फुटी रॉड अडचणच करील. मध्यम किंवा रुंद नदीसाठी मी पुन्हा तेरा फुटीच सुचवीन. पैसे वाचवायचे असतील तर रॉड मध्यम किमतीचा घ्यावा आणि वाचलेल्या रकमेतून दोन लाइन घ्याव्यात, एक तरंगणारी आणि एक बुडणारी. पाण्याचे तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली असताना मासा सहसा वर येत नाही आणि फ्लाय त्याच्यापर्यंत खाली न्यावी लागते. लाइनच्या वजनाविषयीची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली आहे.