शांतता नांदवू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

गेल्या मंगळवारी एक ईमेल आला. २०२४ चा अख्खा पावसाळा मी दक्षिण सुदानात ज्या संस्थेसाठी ज्वारीचं बियाणं वाटत फिरलो, तिचा. प्रकल्प आटोपून वर्ष उलटलं, अहवाल काही आटोपेना. मागणी साधी होती. एक यशोगाथा, अडीचशे शब्दांत. सोबत फोटो. फोटोत महिला लाभार्थी, तिच्या ओंजळीत बियाणं, आणि 'चेहरा शक्यतो हसरा'. शुक्रवारपर्यंत.

शुक्रवार गेला. यशोगाथेचं पहिलं वाक्य चार वेळा लिहून चार वेळा खोडलं. मग म्हटलं, त्यापेक्षा या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या होतकरू मंडळींना युक्तीच्या चार गोष्टी सांगाव्यात. युद्ध होऊन गेलेल्या देशात शांतता नांदवणे, कारभाराची घडी बसवणे, अर्थव्यवस्था रुळावर आणणे, ही फार चांगली लाइन आहे. मंदी म्हणून नाही. एआयची भीती नाही. कार्यशाळेतलं जेवण काही एआय जेवणार नाही.

आधी देश निवडा. नवाकोरा मिळाला तर सोन्याहून पिवळं. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. सार्वमतात जवळपास ९९ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं होतं, माणसं रांगेत उभी राहून रडली होती. अडीच वर्षं झाली नाहीत तोच, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रियाक माचार यांच्या फौजा राजधानी जुबात एकमेकींवर तुटून पडल्या. बघता बघता डिंका विरुद्ध नुएर, म्हणजे कीर यांची जमात विरुद्ध माचार यांची, असं झालं. पुढच्या पाचेक वर्षांत गेलेल्या जिवांचा अंदाज चार लाखांच्या घरात आहे. एवढं झालं की तुमची जाहिरात निघते. तोवर पासपोर्ट तयार ठेवा.

करार दोनदा करावा. पहिला मोडण्यासाठीच असतो. २०१५ चा करार जुलै २०१६ मध्ये जुबाच्या रस्त्यांवर मोडला. मग सप्टेंबर २०१८ मध्ये अदिस अबाबात तोच पुन्हा, 'पुनरुज्जीवित' असं विशेषण लावून. करारात कोण का भांडलं हे विचारत बसू नका. लग्नघरात रुसलेल्या व्याह्यांना जसं पहिल्या पंगतीला बसवतात, तसं बसवा. पाच उपराष्ट्राध्यक्ष. ३५ मंत्री, १० उपमंत्री. संसदेत ५५० जागा, कुणाच्या किती ते करारातच वाटून दिलेलं, म्हणजे मतदारांना उगाच त्रास नको. देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्याही आत. खातेवाटपाचं शास्त्र मराठी वाचकाला मी काय समजावणार?

राज्यंही अशीच. १० होती, २०१५ मध्ये २८ केली, २०१७ मध्ये ३२ केली, २०२० मध्ये परत १०. लेटरहेड छापणाऱ्याचं तरी भलं झालं असेल.

निवडणुकीची तारीख द्या. ती जवळ आली की दुसरी द्या. ऐक्य सरकार आधी मे २०१९ मध्ये येणार होतं, मग नोव्हेंबरात, मग आणखी शंभर दिवसांनी. आलं फेब्रुवारी २०२० मध्ये. निवडणूक डिसेंबर २०२४ वर गेली, तिथून डिसेंबर २०२६ वर. स्वतंत्र झाल्यापासून त्या देशात एकदाही सार्वत्रिक निवडणूक झालेली नाही. तरी कॅलेंडर बघा, कसं भरगच्च!

युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालयाचा करार करा. न्यायालय करू नका.

दोन्हीकडच्या सैनिकांची मिळून एक फौज करायची असते. ८३ हजारांची ठरली होती. प्रशिक्षणाच्या छावण्यांत धान्य पोचलं नाही म्हणून पोरं पळून गेली. उरलेल्यांनी लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन कवायत केली आणि २०२२ मध्ये पहिली तुकडी दीक्षान्त संचलनाला उभी राहिली. शिमग्यातल्या सोंगांना हसू नका.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. सरकारच्या उत्पन्नातले शंभरातले नव्वद रुपये तेलाचे, आणि तेल जातं ज्यांच्यापासून फुटून निघाले त्या सुदानच्या पाइपलाइनने, थेट पोर्ट सुदानपर्यंत. २०१२ मध्ये वाहतूक भाड्याच्या भांडणात यांनी स्वतःच नळ बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिकडच्या युद्धाच्या धुमाळीत पाइपलाइन फुटली. (ओएनजीसी विदेश २००३ पासून त्या तेलात भागीदार आहे, त्यामुळे आपणही अगदी लांबचे पाहुणे नव्हे.) तेल वाहत असताना काय झालं? २०१२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी आजी-माजी ७५ अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं की चार अब्ज डॉलर गायब आहेत, कृपया परत करावेत. कृपया! संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण सुदानसाठीच्या मानवी हक्क आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये हिशेब मांडला: २०२१ ते २०२४ मध्ये 'तेलाच्या बदल्यात रस्ते' योजनेवर सुमारे २२० कोटी डॉलर गेले, त्यातल्या १७० कोटींचा पत्ता नाही आणि ९५ टक्के रस्ते अपुरे. त्या रस्त्यांवरून मी गेलोय. अपुरे हा शब्द फार प्रेमळ आहे.

आणि ज्वारीची गोष्ट तर आमच्या घरचीच. तिकडे ज्वारीला 'दुरा' म्हणतात. स्वातंत्र्याच्याही आधी, २००८ मध्ये, दुष्काळाच्या धास्तीने तिथल्या तेव्हाच्या स्वायत्त सरकारने शेकडो कंपन्यांना ज्वारी पुरवायची आणि गोदामं बांधायची कंत्राटं दिली. पैसे पोचले. ज्वारी बहुतेक ठिकाणी पोचलीच नाही. कित्येक कंपन्या नुसत्या कागदावर होत्या. ज्या देशाची सकाळ ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाच्या किस्र्याने होते, त्याने ज्वारीतच पहिला मोठा हात मारून घेतला.

आता मुख्य विषय, कार्यशाळा. यात प्रावीण्य मिळवलंत तर बाकी काही नाही आलं तरी चालेल.

मी जुबाला उतरलो तेव्हा मार्च संपत आला होता. बियाणं वाटायचं होतं जुबाच्या उत्तरेला, बोर शहराच्या पट्ट्यात. तिथे पाऊस एप्रिल-मेमध्ये लागतो आणि पेरणी त्याच्या मागोमाग. मी मंगळवेढ्याकडचा. काळी जमीन काय चीज आहे आणि वाफसा हुकला की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. तिथली जमीनही तीच, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पहिल्या पावसात बुटाला किलो-किलो चिखल. पहिल्याच दिवशी सांगितलं, बियाणं १५ एप्रिलच्या आत बोरला पाहिजे. साहेब म्हणाले, हो हो, पण आधी ओरिएंटेशन.

नाईलच्या काठावरचं हॉटेल, पत्र्याच्या खोल्या, जनरेटरची घरघर, खोलीभाडं दिवसाला दीडशे डॉलर. विषय: 'बियाणे वाटपातून सामाजिक सलोखा'. पिवळ्या कागदावर अडचण लिहायची, हिरव्यावर उपाय, आणि भिंतीला चिकटवायचं. मी पिवळ्यावर लिहिलं, 'बियाण्याचा ट्रक निमुलेच्या सीमेवर अडकलाय.' कार्यशाळा घेणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, ही अडचण जरा जास्तच ठोस आहे, थोडा वरच्या पातळीवर विचार करू या. मी हिरव्यावर लिहिलं, 'ट्रक सोडवा.' तो कागद पंख्याच्या वाऱ्याने खाली पडला. तीन दिवस तिथेच होता, लोक त्याच्यावरून चहाला जात-येत होते.

ट्रक अडकला होता करमाफीच्या पत्रासाठी. पत्रावर सही हवी होती एका अधिकाऱ्याची. तो अधिकारी कुठे होता? त्याच हॉटेलात, शेजारच्या हॉलमध्ये, दुसऱ्या संस्थेच्या 'गतिमान प्रशासन' कार्यशाळेत. मी जेवणाच्या रांगेत गाठलं. माणूस सज्जन. म्हणाला, शिक्का ऑफिसात आहे आणि मी शुक्रवारपर्यंत इथे आहे. म्हटलं, ऑफिस दहा मिनिटांवर आहे. तर म्हणाला, ऑफिसने मला सहा महिने पगार दिलेला नाही. इथे संध्याकाळी सही केली की भत्ता मिळतो, दुपारी गैरहजर दिसलो तर तोही जातो. हात पसरून हसला. 'गुरुश माफी.' पैसे नाहीत. जुबात सगळ्यात जास्त ऐकू येणारे दोन शब्द.

त्याला काय बोलणार? २०२४ मध्ये जवळजवळ वर्षभर सरकारी नोकरांना पगार नव्हता. माझा दुभाषा बोरच्या शाळेतला गुरुजी. पाचवी-सहावीचे वर्ग सोडून माझ्यामागे ट्रकच्या फळीवर बसून हिंडायचा, कारण मी रोजचे पैसे रोज द्यायचो. म्हणजे शिक्षण बळकट करण्याचा एक प्रकल्प शेजारी चालू होता आणि मी शेती बळकट करण्यासाठी त्यांचा मास्तर पळवला होता. दोन्ही प्रकल्पांच्या अहवालात तो 'स्थानिक क्षमता' म्हणून मोजला गेला असणार.

निमुलेत २३ दिवस. जुबात आणखी एका शिक्क्यासाठी ११ दिवस. मग रस्ता. रस्त्यात आडवी दोरी, दोरीला प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, आणि दोरीचं टोक धरून झाडाखाली बसलेला गणवेशातला पोरगा. प्रत्येक दोरीला पैसे. चहासाठी म्हणून मागतात. चहापाण्याला आपण एकटेच चहापाणी म्हणत नाही, तेवढं एक आपलेपण वाटलं. त्या पोरालाही पगार नव्हताच. बियाण्यावर वसुली का म्हणून गुरुजींनी हुज्जत घातली, तर तो म्हणाला, पोत्यात धान्य आहे ना, मग ते खायचंच.

ट्रक बोरला १९ जुलैला पोचला. पेरण्या होऊन गेल्या होत्या. ज्यांच्या घरात जुनं बी शिल्लक होतं त्यांच्या. बाकीची शेतं पाण्याखाली.

आम्ही वाटप केलं. फलक लावून. पाच-पाच किलोच्या पिशव्या, अंगठे घेऊन. एका बाईने पिशवी तिथेच फोडली, दाणे तळहातावर घेतले, बोटाला लागलेला गुलाबी रंग बघितला. कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं बियाणं गुलाबी असतं. तिने गुरुजींना काहीतरी विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ती विचारतेय, किती पाण्यांनी धुतलं की दळता येईल. मी म्हटलं, विष आहे, सांगा तिला. त्यांनी सांगितलं. ती हसली. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतून चाललो तर तीन दारांपुढच्या परातींत गुलाबी पाणी होतं.

तो हसरा चेहरा माझ्या फोनमध्ये आहे.

राहता राहिली धोक्याची सूचना. वुनलितसारखं काही होऊ देऊ नका. फेब्रुवारी-मार्च १९९९, बहर-अल-गझलमधलं एक गाव. नाईलच्या पश्चिमेकडचे डिंका आणि नुएर वर्षानुवर्षं एकमेकांची गुरं आणि बायका-मुलं पळवत होते. चर्चच्या मंडळींनी पुढाकार घेतला, गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी झोपड्या बांधल्या, पांढरा बैल कापला, आणि दोन्हीकडचे टोळीप्रमुख, म्हातारे, बायका कितीतरी दिवस एकेकाने उभे राहून बोलले: माझा हा मेला, माझी ही नेली. कुरणं आणि पाणी कुणी कसं वापरायचं ते ठरलं, पळवलेली माणसं परत करायचं ठरलं. कागद सगळ्यात शेवटी झाला. त्या पट्ट्यात ते बराच काळ टिकलंही. असं जर जागोजाग व्हायला लागलं तर आपण काय करायचं?

एप्रिल २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये कीर आणि माचार यांच्या पायांचं चुंबन घेतलं. ८२ वर्षांचा आजारी माणूस, गुडघे टेकून. मार्च २०२५ मध्ये कीर यांच्या सरकारने माचार यांना घरात कोंडलं, सप्टेंबरात त्यांच्यावर देशद्रोहाचा आणि खुनाचा आरोप ठेवला.

लाज वाटत नाही का तुम्हाला, करार घडवणाऱ्या मध्यस्थांनो? दोन म्हाताऱ्यांच्या खुर्चीपायी एक देश पिठाला महाग झाला, आणि तुम्ही त्यांना वीस वेळा मुदतवाढ देऊन प्रत्येक वेळी 'सकारात्मक पाऊल' म्हणून पत्रक काढता. आणि तुम्ही, नैरोबी-जिनिव्हात बसून रंगीत कागदांची ऑर्डर देणारे! त्या अधिकाऱ्याचा पगार तुमच्या तीन दिवसांच्या हॉलच्या भाड्यात सहा महिने निघाला असता. मला माहितेय, तसं करता येत नाही, तुमच्या नियमात पगाराचा रकाना नाही. मग रकाना काढा! नियम तुम्हीच लिहिलेत ना? मास्तरला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळाले असते तर तो माझ्या ट्रकवर कशाला बसला असता? दोरी धरणाऱ्या पोराला जेवण मिळालं असतं तर त्याने माझं पोतं कशाला फोडलं असतं? मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. मी जुलैत वाटप थांबवायला हवं होतं. मेलेला हंगाम आहे, विषारी दाणे भुकेल्या घरात देऊ नका, एवढं सांगायला कृषी पदवीही लागत नाही. पण वाटपाचा आकडा ३१ जुलैच्या आत भरायचा होता, आणि माझं पुढचं कंत्राट त्या आकड्यावर होतं.

इकडे ओळखीचे लोक विचारतात, जुबा म्हणजे नक्की कुठे हो, तिकडे आपलं काय? एप्रिल २०१३ मध्ये जोंगले राज्यात शांतिसेनेचे पाच भारतीय जवान मारले गेले, डिसेंबरात अकोबोत आणखी दोघे. २०१९ ते २०२२ तिथल्या शांतिसेनेचे फोर्स कमांडर होते लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर. आपलं एवढं आहे तिकडे. बोर त्याच जोंगलेत येतं. गुगलवर शोधा, रस्ताही दिसेल, पूर्ण झालेला दिसेल.

ईमेलला काल रात्री उत्तर पाठवलं. यशोगाथेच्या रकान्यात लिहिलंय: ट्रक १९ जुलैला पोचला, पेरणी मेमध्ये झाली होती. फोटो जोडलेला नाही.