अंगठेबहाद्दर

रात्री अडीचला पायाचा अंगठा ठणकायला लागला. दिवा लावून पाहिलं तर लालबुंद, चकचकीत, फुगलेला. चादरीचं ओझं सोसेना म्हणून पाय उघडा टाकला, तर पंख्याचा वारा टोचायला लागला. सही करता येत असूनही त्या रात्रीपासून मी अंगठेबहाद्दर झालो.

युरिक ॲसिड निघालं ८.९. डॉक्टरांनी 'गाऊट', म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, म्हणून गोळ्या लिहून दिल्या. पण मला 'केमिकल' नको होतं, सगळं कसं नैसर्गिक हवं होतं. (या शब्दापुढे मी लगेच विरघळतो. सांध्यातले युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक मात्र विरघळत नाहीत.)

दुखणं एका अंगठ्याचं आणि सल्ले मोजायला दहा बोटं पुरेनात. सफरचंदाच्या व्हिनेगरने घसा जळला, अंगठा होता तसाच. कुणी म्हणालं, पालक, मटार, मशरूम बंद. निमूट बंद केले. पुढे कळलं की प्युरिनचं शरीरात युरिक ॲसिड बनतं खरं, पण भाज्यांतल्या प्युरिनने गाऊट बळावत नाही. बळावतो तो लाल मांस, कलेजी, सार्डिन आणि बिअरने. मी तर पालक सोडून बिअर चालू ठेवली होती. बार्लीची, म्हणजे धान्यच की!

चेरीने दुखण्याचे झटके कमी होतात असं काही अभ्यासांत दिसलंय. मी चेरीचं सरबत आणलं, साखरेने गच्च. फ्रुक्टोजने युरिक ॲसिड वाढतं हे वाचलं, तेव्हा बाटलीचा तळ दिसत होता. प्रायश्चित्त म्हणून तीन दिवस कडकडीत उपवास केला. चौथ्या पहाटे दुसरा अंगठा!

"उपाशी राहिलात की युरिक ॲसिड चढणारच," डॉक्टर म्हणाले. "आणि त्यातलं दोन तृतीयांश शरीर स्वतःच बनवतं. ताटातून किती काढाल? मी दिलेली कोल्चिसिनची गोळी घेतलीत का?"

"नाही, केमिकल नको म्हणून..."

"अहो, कोल्चिसिन कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून काढतात!"

ठणका त्या गोळीनेच उतरला. आता रोज युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी, भरपूर पाणी. सहा महिन्यांनी आकडा आला ५.६, सहाच्या खाली हवा होता. व्हिनेगरवाले म्हणाले, "बघा, आला ना गुण!" बायको म्हणाली, "गुण कसला? चवड्यांवर उभं राहिल्याशिवाय हात पोचणार नाही, अशा फळीवर बिअरच्या बाटल्या ठेवल्यात मी."