गाडीला माहेरचं बोलावणं

"सर, काळजीचं काही नाही, नुसतं प्रिकॉशनरी आहे," असं सांगून माणसाला सकाळी साडेनऊपासून पावणेचारपर्यंत बसवून ठेवलं की जेवायच्या वेळेच्या सुमारास त्याला काळजी वाटायला लागते. परवा मला वाटली. आमच्या गाडीचा फ्युएल पंप सदोष 'असू शकतो', गाडी चालता चालता बंद 'पडू शकते', म्हणून कंपनीनं तिला परत बोलावलं होतं. आणायची कशी? तर चालवत.

काम अर्ध्या तासाचं. दहा वाजता पार्ट 'गेटवर' होता. अकराला तो चाकणला निघाला. दीड वाजता तो 'सिस्टीममध्ये' होता. तिथून तो बाहेर कसा काढतात ते कोणालाच माहीत नव्हतं.

शेजारच्या सोफ्यावर एक काका होते. पायाशी थर्मास, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, बाजूला काकू सुडोकू सोडवतायत.

"तुम्हाला आलं?" लग्नाच्या आमंत्रणाची चौकशी करावी तसं काकांनी विचारलं.

"काय?"

"बोलावणं."

"हो."

काकांचा चेहरा उतरला. "आम्हाला नाही आलं."

मी अभिनंदन केलं. चुकलंच माझं.

"अभिनंदन कसलं करताय? चासी नंबरचे शेवटचे आकडे सांगा तुमच्या." मी सांगितले. काकांनी फाइल उघडली, बोटांवर वजाबाकी केली. "माझी तुमच्यानंतरची एकोणिसावी! म्हणजे तुमची लाइनवरून उतरत होती तेव्हा माझी मागे दारं बसवून घेत उभी होती. तुमचा पंप वाईट आणि माझ्या गाडीपर्यंत येता येता देवानं कृपा केली?"

"मधे बॅच बदलली असेल."

"अहो, तेवढ्यात तिथल्या माणसाचा चहा तरी पिऊन होतो का?"

काका चौथ्यांदा आले होते. मागणी एकच, आमचीही गाडी सदोष आहे असं लिहून द्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पंचविशीतला पोरगा, हात जोडून म्हणाला, "काका, तुमची गाडी एकदम चांगली आहे हो."

"मागच्या महिन्यापर्यंत यांनाही तुम्ही हेच सांगत होतात!"

यावर मी छताकडे बघितलं. कारण गेली चार वर्षं दर सर्व्हिसिंगला माझ्या जॉबकार्डावर ओळीनं बरोबरच्या खुणा पडत होत्या, आणि त्या खुणांच्या भरवशावर मी पोराबाळांना घेऊन ताम्हिणी उतरत होतो.

काकांना नियम पाठ होते. 2012 साली वाहन उद्योगाच्या संघटनेनं स्वेच्छेची आचारसंहिता केली, म्हणजे मनात आलं तर बोलवा. सक्ती आली 1 एप्रिल 2021 पासून, तीही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण खपाऊ मोटारीसाठी सरकारनं हलायचं तर तक्रारी हजाराच्या वर लागतात.

"एकट्यानं केल्या तर चालतात का, ते लिहिलेलं नाही," काका म्हणाले.

"दिवाळीपर्यंत होतील," काकू सुडोकूतून मान वर न करता म्हणाल्या.

आपल्याकडे गाडी घेताना कोणीतरी मेहुणा म्हणतोच, "ती कंपनी ना? डोळे मिटून घ्या." डोळे मिटून घेण्यात जगात टोयोटाचा हात धरणारं कोणी नव्हतं. 2009-10 मध्ये पायाखालच्या मॅटमध्ये आणि मग अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलमध्येच घोटाळा निघाला, लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि 24 फेब्रुवारी 2010 ला अध्यक्ष आकिओ तोयोदांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागितली. प्रत्येक गाडीवर माझंच नाव आहे, असं म्हणाले. (नाव तोयोदा, गाडी टोयोटा, पण अशा वेळी शुद्धलेखन काढू नये.) 2014 मध्ये, ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून 120 कोटी डॉलर भरले. मेहुणे मात्र आजही डोळे मिटायलाच सांगतात. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग तर होंडा, टोयोटा, फोर्ड, बीएमडब्ल्यू सगळ्यांकडे होत्या. दमट हवेनं पिशवी फुगवणारी आतली स्फोटक दारू बिघडायची आणि जीव वाचवणारी पिशवीच लोखंडाचे तुकडे उडवायची. बॉनेटवरचं चिन्ह वेगवेगळं, आतला माल एकाच दुकानातला. मग आपण नक्की कोणावर विश्वास टाकत होतो, चिन्हावर?

परत बोलावलं याचा मला राग नाही. चूक कळली, बोलावलं, ठीकच केलं. राग त्या एसएमएसचा आहे. 'आपल्या सुरक्षिततेसाठी कंपनी स्वेच्छेने' वगैरे. जणू माझ्या घरी येऊन कोणी माझा पाय मोडला आणि वर फुकट प्लॅस्टर घातलं म्हणून पेढे मागतोय.

तीनला पार्ट आला. "जुना पंप डिकीत टाका," मी म्हणालो. जुना पार्ट डिकीत बघितल्याशिवाय आपल्याला पटत नाही.

"रिकॉलचा पार्ट कंपनीला परत जातो, सर."

"खराब होता का तो?"

"ते कंपनी बघते, सर."

काका हे सगळं ऐकत होते. त्यांनी फाइलमधून एक बिल काढून माझ्यापुढे धरलं. दोन वर्षांपूर्वीचं, खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडली तेव्हाचं. टोइंगचे वेगळे, फ्युएल पंपाचे नऊ हजार चारशे. शेऱ्यात लिहिलं होतं, 'भेसळयुक्त पेट्रोल'.

"मी तेव्हा पेट्रोल पंपवाल्याशी भांडून आलो," काका म्हणाले. "बिचारा शपथा घेत होता."

यावर मला काही विनोद सुचला नाही.

किल्ली देताना पोरगा कुजबुजला, "सर, फोन येईल, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आम्हाला नापास धरतात, इन्सेंटिव्ह कापतात." फोन तिथेच आला. सहा तास पंधरा मिनिटं गेली होती, सीट मागे सरकवलेली होती, पेट्रोलचा काटा एक घर खाली होता. पोरगा समोर उभा होता. मी दहा दिले.

"किती दिलेत?" काकांनी विचारलं.

"दहा."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग काकूंना म्हणाले, "बघ. हे असतात ते."