तुपाला नावं ठेवत नाही, पण…

"रोज उपाशीपोटी चमचाभर साजूक तूप घ्या. त्यातलं ब्युटिरेट थेट मोठ्या आतड्यात पोचतं, पेशींवरचे रिसेप्टर जागे करतं आणि इम्युनिटी वाढते." हा फॉरवर्ड महिन्यात तीनदा आला. शेवटचा मावशीकडून, हात जोडलेल्या इमोजीसकट.

तुपात ब्युटिरेट, म्हणजे एक छोटं स्निग्धाम्ल, असतं, हे खरं. दुधाच्या स्निग्धांशात साधारण ३ ते ४ टक्के. म्हणजे ५ ग्रॅमच्या चमच्यात फार तर ०.२ ग्रॅम.

"थेट मोठ्या आतड्यात" इथे गाडी घसरते. तुपात हे आम्ल मोकळं नसतं, ग्लिसरॉलला चिकटलेलं असतं. जठरातली आणि लहान आतड्यातली लायपेज, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवणारी, विकरं ते सोडवतात आणि एवढासा रेणू तिथेच शोषला जाऊन यकृताकडे रवाना होतो. खाली जवळपास काही उरत नाही. मोठ्या आतड्यातलं ब्युटिरेट तिथेच तयार होतं. आपल्याला न पचलेला कोंडा, डाळींची सालं, गार भातातला हट्टी स्टार्च जिवाणू आंबवतात आणि रोज काही ग्रॅम ब्युटिरेट बनवतात.

आता रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा ठराविक रेणू ओळखणारा ग्राहक. जीपीआर-४३ नावाचा रिसेप्टर अशा छोट्या आम्लांना ओळखतो हे २००३ मध्ये कळलं, पण त्याला ब्युटिरेटची धाकटी भावंडं, अ‍ॅसिटेट आणि प्रोपिओनेट, अधिक मानवतात. ब्युटिरेटची खरी गट्टी जीपीआर-१०९ए या दुसऱ्या रिसेप्टरशी. (नायसिनची, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाची, गोळी घेतल्यावर चेहरा लालबुंद होतो ना, तो याच रिसेप्टरचा प्रताप.) मात्र त्याला जागं करायला मिलिमोलर पातळीचं, म्हणजे बरंच दाट, ब्युटिरेट लागतं. तेवढं मोठ्या आतड्यात असतं. रक्तात त्याच्या कितीतरी पट कमी.

आणि "वाढते" हे क्रियापदच चुकलंय. २००९ मध्ये जीपीआर-४३ नसलेल्या उंदरांमध्ये दाह शमेचना, उलट चिघळला. २०१३ मध्ये उंदरांना ही आम्लं दिल्यावर आतड्यातल्या नियामक टी-पेशी, म्हणजे इतर रोगप्रतिकार पेशींना आवरणाऱ्या, वाढल्या. थोडक्यात, जिवाणूंना खायला मिळतंय हे कळलं की रोगप्रतिकार यंत्रणा जरा दमाने घेते. तरी हाच जीपीआर-४३ न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना दाहाच्या जागी खेचूनही आणतो. आणि हे बहुतेक सगळं उंदरांत दिसलेलं, चमचाभर तूप घेणाऱ्या माणसांत नव्हे.

मावशीला कळवलं, तूप वरणभातावरच घे, फक्त वरण दुप्पट वाढून घे. "गॅस होतील रे," तिचं उत्तर. होतील. तेही त्याच जिवाणूंचे.