पालिओ, पाच तासांचं ऊन आणि सासूबाईंचा हत्तीचा रुमाल: ताईंच्या कमेंटला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि सगळं पुसून टाकलं, कारण त्यात मी नुसती स्वतःची वकिली करत बसलो होतो. आज रविवार आहे, चहाचा दुसरा कप झालाय, डोकं शांत आहे, तर आता नीट लिहितो. लांबण लागणार, आधीच सांगतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: ताई, त्यांचे मिस्टर आणि ६९ वर्षांच्या सासूबाई माझी इटलीतल्या सणांची पोस्ट वाचून १६ ऑगस्टला सिएनाला पालिओची घोड्यांची शर्यत बघायला गेले. दुपारी अडीचला चौकात शिरले ते साडेसातनंतर बाहेर पडले, सावली नाही, टॉयलेट नाही, शर्यत जेमतेम दीड मिनिटाची आणि ती सुद्धा दिसली समोरच्या माणसाच्या मोबाईलच्या स्क्रीनवर. त्यात एक घोडा पडला. आणि सासूबाईंनी हौसेने घेतलेल्या रुमालावरून सकाळी एका म्हाताऱ्या बाईने भर गल्लीत काहीतरी सुनावलं. ताईंचे आरोप तीन: मी टूरवाल्यांच्या माहितीपत्रकासारखं गोड गोड लिहितो, हे सगळे सण आता टुरिस्टांचे खिसे कापायलाच उरलेत, आणि मुक्या जनावरांच्या हालांचं कौतुक करताना मला काही वाटत कसं नाही.

पहिला आरोप मान्य. कारणं न देता मान्य. पालिओबद्दल मी लिहिलं होतं, 'मधल्या चौकात उभं राहायला तिकीट नाही, एकदा तरी अनुभवावं असं.' तिकीट नाही हे खरंय, पण त्याच्या बदल्यात काय द्यावं लागतं ते लिहायला पाहिजे होतं. पियाझ्झा देल काम्पो म्हणजे शिंपल्यासारखा उतरता चौक, त्याच्या कडेकडेने माती पसरून ट्रॅक करतात आणि मधे आपण पब्लिक. कडेचे स्टँड आणि बाल्कन्या पैसेवाल्यांच्या, त्यांचे भाव ऐकून मी तरी कधी वाटेला गेलो नाही. आणि एकदा का मिरवणूक ट्रॅकवर आली की रस्ते बंद, मग शर्यत संपेपर्यंत तुम्ही तिथले कैदी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा लिटर पाणी घेऊन गेलो होतो आणि ते चारच्या आधीच संपलं, पण माझी उंची सहा फूट, त्यामुळे दिसलं सगळं, आणि दिसलं म्हणून बाकीचं विसरलो. सहा फुटी माणसाने लिहिलेली पोस्ट पाच फुटी माणसाने वाचली की काय होतं ते तुम्ही भोगलंत. सासूबाईंना माझा खास सॉरी सांगा, खरंच.

आता उशीर का होतो तेही लिहितो, कारण तुम्ही लिहिलंय की 'घोडे आले तरी तासभर नुसते गोल गोल फिरत होते, मॅनेजमेंट शून्य'. मॅनेजमेंट नाही ताई, खेळच तो आहे. प्रत्येक घोडा शहरातल्या एकेका पेठेचा, आणि पेठांची आपसात दोस्ती-दुश्मनी. दोरांच्या मधे नऊ घोड्यांनी चिठ्ठीत निघालेल्या क्रमाने उभं राहायचं, दहावा मागे मोकळा, आणि तो दहावा आत घुसेल तेव्हा शर्यत सुटणार. म्हणजे सगळा कंट्रोल त्या दहाव्याकडे. तो बघत राहतो की आपला दुश्मन वाकडा कधी उभा राहतोय, मित्र सरळ कधी आहे, आणि हे नऊ जण तेवढ्यात एकमेकांना ढकलतायत, हळू आवाजात सौदे करतायत, हो, पैशाचे सौदे, उघड गुपित आहे ते आणि तिथे त्याला कोणी चीटिंग म्हणत नाही. सुटका नीट झाली नाही तर सगळ्यांना परत बाहेर काढतात. अंधार पडला किंवा पाऊस आला तर शर्यत दुसऱ्या दिवसावर, नगरपालिकेच्या खिडकीतून हिरवा झेंडा बाहेर आला की समजायचं आज काही होत नाही. मला स्वतःला तो तासभरच शर्यतीपेक्षा जास्त आवडतो. पण हे आधी माहीत असेल तरच, नाहीतर उन्हात उभं राहून कोणाचंही टाळकं सटकेल.

मग तुम्ही काय करायला हवं होतं, म्हणजे मी काय सुचवायला हवं होतं? प्रोवा. मुख्य शर्यतीच्या आधी चार दिवसांत सहा ट्रायल होतात, सकाळी एक संध्याकाळी एक असं करत. तोच चौक, तेच घोडे, तेच जॉकी, आणि सकाळच्या ट्रायलला जरा लवकर गेलं तर कठड्याला टेकून उभं राहायला जागा मिळते, संपलं की समोरच्या बारमध्ये कापुचिनो. एका स्टँडवर पेठांची पोरंटोरं बसवलेली असतात, ती गळ्याची शीर ताणून आपापली गाणी म्हणतात आणि समोरच्या पेठेला चिडवतात, आपल्याकडे दहीहंडीला पथकं करतात ना, अगदी तसंच. आदल्या रात्री शर्यतीत उतरणारी प्रत्येक पेठ रस्त्यात लांबच लांब टेबलं मांडून जेवते, शेकडो माणसं, काही पेठा बाहेरच्यांनाही आगाऊ पैसे भरून बसू देतात. सासूबाईंना घेऊन मी हे दोन केलं असतं आणि शर्यत हॉटेलात टीव्हीवर बघितली असती, पंखा लावून.

पेठ म्हणतोय ते उगाच नाही. सिएनात अशा १७ पेठा, त्याला ते कोंत्रादा म्हणतात, त्यांच्या सीमा १७२९ साली ठरल्या त्या आजही तशाच, गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत छोटी फरशी असते, कुठे गोगलगाय, कुठे घुबड, कुठे साळिंदर. ती फरशी ओलांडली की तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत. पोर जन्मलं की त्याचा चर्चमधला बाप्तिस्मा वेगळा आणि पेठेच्या कारंज्यावरचा वेगळा. १७ पैकी एका वेळी धावतात फक्त १०, घोडे चिठ्ठ्या टाकून मिळतात, शर्यतीच्या दिवशी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात, 'जा आणि जिंकून ये'. जॉकी खाली पडला आणि एकटा घोडा पहिला आला तरी तो जिंकला! आणि बक्षीस काय, तर एक रंगवलेलं रेशमी कापड. पैसे नाहीत, उलट जिंकणाऱ्या पेठेचंच दिवाळं निघतं.

म्हणूनच तुमचा दुसरा आरोप, की हे सगळं टुरिस्टांसाठी चाललंय, हा मला सिएनाच्या बाबतीत अजिबात पटत नाही. उलट आहे हो. टुरिस्टांसाठी असतं तर खुर्च्या असत्या, टॉयलेट असतं, शर्यत सातला म्हणजे सातला सुटली असती आणि इंग्लिशमध्ये कॉमेंट्री असती. तुमची गैरसोय झाली कारण तिथे तुमचा विचारच कोणी केलेला नव्हता. आपण कोणाच्या तरी घरातल्या लग्नात आगंतुकासारखे घुसलेलो असतो आणि घरचे त्यांच्या रुसव्याफुगव्यात गुंतलेले असतात.

व्हेनिसच्या कार्निव्हलबद्दल मात्र तुमचं म्हणणं बरंचसं खरंय. १७९७ ला व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं तसा जुना कार्निव्हलही आटला, आत्ताचा आहे तो १९७९ पासून पुन्हा उभा केलेला, आणि सान मार्कोच्या चौकात भारी पोशाख घालून फोटोला उभे राहणारे निम्मे लोक स्वतःच बाहेरून आलेले असतात. वाईट नाही, फोटो मस्त येतात, पण मी परत जाणार नाही. मी जातो २१ नोव्हेंबरला. बोलोन्याहून दीडेक तासाची ट्रेन. त्या दिवशी फेस्ता देल्ला सालुते असते. १६३० च्या प्लेगात शहरातली जवळपास तिसरा हिस्सा माणसं गेली तेव्हा व्हेनिसने नवस बोलला होता, त्या नवसाचं चर्च म्हणजे ग्रँड कॅनॉलच्या तोंडावरचं ते पांढरं घुमटवालं सालुते, आणि तो नवस लोक अजून फेडतायत. कॅनॉलवर त्या दिवसांपुरता एक तात्पुरता पूल टाकतात, त्यावरून आख्खं शहर चालत जातं. धुकं, ओले दगड, गमबूट घातलेल्या आज्या, ऑफिस सुटून टाय सैल करत आलेले बाप्ये. बाहेर स्टॉलवर मेणबत्ती घ्यायची, आत नेऊन द्यायची, तिथला माणूस ती पेटवून लावतो, संपलं. आणि चर्चच्या मागे चक्क जत्रा, फुगे, म्हातारीचे केस, तळणीचा वास. मी पहिल्या वर्षी मेणबत्ती घेऊन रांगेत उभा होतो तर पुढच्या काकूंनी मागे वळून माझी मेणबत्ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या पिशवीतला कागद फाडून बुडाला गुंडाळून दिला, मेण हातावर सांडू नये म्हणून. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी खायचं पक्वान्न म्हणजे कास्त्रादिना, खारवून वाळवलेलं मटण आणि कोबीचं सूप, तेव्हा सासूबाईंनी फुग्यांवर आणि गोडावर भागवावं.

गुब्बिओ गावातल्या मनोऱ्यांच्या शर्यतीबद्दल तुम्ही विचारलंय की 'जिंकणारा आधीच ठरलेला असतो ती कसली शर्यत?' अहो, पुण्याच्या माणसाने हे विचारावं! १५ मे ला तीन संतांचे जवळपास ३०० किलोचे लाकडी मनोरे खांद्यावर घेऊन डोंगरावर पळतात, उबाल्दो पहिला, मग जॉर्ज, मग अँथनी, आणि ओव्हरटेक करायचंच नाही. विसर्जनाला मानाचे गणपती कसे ठरलेल्या क्रमानेच निघतात, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तसंच. वर पोचल्यावर उबाल्दोवाले बाकीचे आत यायच्या आधी तिथल्या चर्चचं दार लावून घ्यायला बघतात, एवढीच काय ती चुरस, आणि त्या दारावरून वर्षभर भांडतात.

आता घोड्यांचं. इथे माझ्याकडे तयार उत्तर नाहीये. ट्रॅकवरच्या सान मार्तिनोच्या वळणावर गाद्या लावलेल्या असतात यातच सगळं आलं ना, तिथे पडतात म्हणूनच लावल्यात. नाजूक थरोब्रेड आता पळवत नाहीत, मिश्र रक्ताचे घोडे घेतात, तपासणी कडक झालीये, तरी अपघात होतात आणि घोडे मरतात. ज्या पेठेचा घोडा जातो तिथली माणसं ओक्साबोक्शी रडतात हे मी पाहिलंय, आणि पुढच्या वेळी तीच माणसं परत घोडा उतरवतात हेही पाहिलंय. माझे मामा जुन्नरकडचे, घरचे बैल गाड्याला जुंपायचे, २०१४ ला बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा घरात कोणीतरी गेल्यासारखं वातावरण होतं आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा मान्य केला तेव्हा पेढे. मी त्या पेढ्यातला एक खाल्लाय, त्यामुळे सिएनावाल्यांना शहाणपण शिकवायला माझं तोंड उघडत नाही. पण पोस्टमध्ये हा विषयच गाळला ही लबाडी झाली, तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. तुम्हाला हे बघवत नसेल तर जाऊच नका, फ्लोरेन्सला ईस्टरच्या सकाळी जा, तिथे पांढरे बैल फक्त गाडा ओढून आणतात, त्यांना सोडून लांब नेतात आणि मग चर्चमधून तारेवरून सुटलेलं रॉकेटचं कबुतर येऊन गाड्यावरचे फटाके उडवतं. आवाज मात्र कानठळ्या बसवणारा.

राहिला रुमाल. हत्ती बघून सासूबाईंना गणपती वाटला आणि घेतला, हे वाचून मी मोठ्याने हसलो, माफ करा. तो टॉवर पेठेचा रुमाल, तोर्रे, त्यांच्या चिन्हात हत्तीच्या पाठीवर बुरुज आहे. तुम्ही लिहिलंय की बाई भेटली ती संत कॅतेरिनाच्या घराजवळच्या उतारावर. ताई, तो भाग ओकाचा, म्हणजे हंस पेठेचा, आणि ओका आणि तोर्रे हे सगळ्या सिएनातले कट्टर वैरी. शर्यतीच्या दिवशी सकाळी वैऱ्याचा झेंडा गळ्यात बांधून सासूबाई त्यांच्या दारातून फिरल्या. त्या बाईने जे काय म्हटलं असेल ते बहुतेक 'आधी ते काढा' यापलीकडे नसावं, आणि टुरिस्टाने असा रुमाल गळ्यात घालू नये, घडी करून पिशवीत ठेवावा, हेही मी कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय. पोस्टमध्ये काल रात्री पालिओचा भाग पूर्ण बदलला, ऊन, टॉयलेट, प्रोवा, घोडे, रुमाल सगळं घातलंय.

आणि सासूबाईंना एक सांगा. सगळ्यात जास्त वर्षं न जिंकलेल्या पेठेला सिएनात 'नोन्ना' म्हणतात, म्हणजे आजी. तोर्रे १९६१ ला जिंकली आणि त्यानंतर थेट २००५ ला, ४४ वर्षांनी, त्यातली शेवटची काही वर्षं तीच आजी होती. रुमाल चुकीच्या गल्लीत घातला, पण निवडला चांगला. धुताना थंड पाण्यात धुवा, माझ्याकडच्याचा रंग गेला.