आधी मत बनवा, मग थेंब मोजा

नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरली आहे, टॉवेल वाळला की पापडासारखा ताठ उभा राहतो, गिझर तापेपर्यंत ऑफिसची वेळ टळते आणि तुरीची डाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली लागते. अभिनंदन! तुम्ही पुण्यात घर घेतलंत. म्हणजे अगदी पुण्यात नव्हे, उंड्री-पिसोळीत नाहीतर वाघोलीत. माहितीपत्रकात ‘मुबलक पाणी’ लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पाणी किती हे त्यांनी सांगितलं, कसलं ते तुम्ही विचारलं नाहीत.

आता तुमच्या मनात येईल की पाणी तपासून बघावं. हा मोह आवरा. पुण्यात कुठल्याही गोष्टीला आधी मत लागतं, आकडा नंतर आला तरी चालतो, नाही आला तर उत्तमच. मत हवं असेल तर सदाशिव पेठेतल्या चुलतभावाला फोन लावा. “आमच्याकडे असलं काही नाही बुवा,” हे वाक्य तो तुम्ही प्रश्न विचारायच्या आत म्हणेल. त्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, म्हणजे सह्याद्रीवर पडून धरणात साठलेला पाऊस. तुमचं पाणी बोअरचं. ते काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम करून, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गोळा करून वर आलेलं. यालाच जड पाणी म्हणतात, आणि या दोघांचं प्रमाण म्हणजे पाण्याचा कडकपणा. पण भावाचा सूर असा, की मुठेवरचं धरण त्याच्या पणजोबांनी स्वतः घमेली वाहून बांधलं.

तरीही तपासायचंच असेल तर टीडीएस मीटर घ्या. पेनासारखा दिसतो, खिशाला लावता येतो आणि त्याचा कडकपणाशी थेट संबंध नसतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो. सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करणारं मशिन, कॅल्शियम काढतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. क्षार गेला, क्षार आला, मीटरचा आकडा जवळजवळ तिथल्या तिथे. म्हणून सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर मीटर बुडवा, दोन्हीकडे सारखाच आकडा बघा आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘मशिन बंद आहे, मेंटेनन्सचे पैसे कुठे गेले?’ असं टाका. दिवस मजेत जाईल.

याहून रंगतदार प्रयोग हवा असेल तर दारावर येणाऱ्या फिल्टरवाल्याला घरात घ्या. तो दोन ग्लासांत दोन-दोन सळया सोडतो आणि वीज लावतो. तुमच्या बोअरच्या पाण्याचा मिनिटभरात तपकिरी गाळ होतो, त्याच्या मशिनचं पाणी जसंच्या तसं राहतं. आई “अगंबाई” म्हणते, तुम्ही चेकबुक शोधायला लागता. तो गाळ मुख्यतः लोखंडाच्या सळीचाच असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते म्हणून सळी झिजते, आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे म्हणून झिजत नाही. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बघितलंत तर तिथेही तोच गाळ होईल. पण कृपया टाकू नका. पाहुण्याचा असा अपमान बरा नव्हे.

साबणाची परीक्षा आजीच्या काळची. शाळेच्या पुस्तकात ‘दुष्फेन’ म्हणून शब्द होता, तो याच परीक्षेतून आलेला: फेस होत नाही ते पाणी. ही परीक्षा शाम्पूने किंवा भांड्यांच्या लिक्विडने करा. ती डिटर्जंटं असल्यामुळे जड पाण्यातही झकास फेसाळतात आणि निकाल मनासारखा लागतो. साध्या अंगाच्या साबणाचा कीस घेतलात तर फेसाऐवजी दुधाळ चोथा तरंगेल आणि उगीच सत्य कळेल.

मी स्वतः एकदा वाट चुकलो आणि कडकपणा मोजायचं थेंबांचं किट आणलं. नमुना घ्यायला गेलो तो सवयीने स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरच्या नळाखाली. परीक्षेला बसवायचं तर घरातलं सर्वांत हुशार पोर बसवावं, तसं. पहिल्याच थेंबाला पाणी निळं, म्हणजे पास. मी धन्य झालो. बायको म्हणाली, “अहो, ते आरओचं आहे.” मग बोअरचा नळ दोन मिनिटं वाहू दिला आणि नळीत रेघेपर्यंत पाणी भरलं. आधी बफरचे थेंब टाकायचे. त्याला अमोनियाचा असा वास, की एसटी स्टँडची आठवण यावी. मग चिमूटभर पूड. पाण्याला कोकम सरबताचा रंग आला. आता तिसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडायचा, दर थेंबाला नळी हलवायची आणि कोकमाची नीळ होईपर्यंत मोजत राहायचं. बाराव्या थेंबापर्यंत घरात शांतता होती. पंधराव्याला बायकोला निळं दिसलं, मला जांभळं. सोळाव्याला आई चष्मा लावून आली आणि म्हणाली, “वांग्याचा रंग आहे.” सतराव्याला नळी ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर धरली, तेव्हा एकमत झालं. आमच्या घरात एकमत झालेली त्या वर्षातली ती बहुधा एकमेव गोष्ट. त्या किटात एक थेंब म्हणजे ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), म्हणजे १७ थेंबांचे ५१०. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत चांगलं म्हटलं आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. आम्ही त्या चालवून घेण्यात बसलो.

आकडा मिळाला की तो थेट मशिनमध्ये भरा, विचार करू नका. मी तेच केलं. आमच्या ऑटोमॅटिक सॉफ्टनरला दोनच अंक घेता येतात, तर मी ५१० मधलं शून्य वगळून ५१ भरले. मशिनला पीपीएम नको होते. त्याला हवे होते ग्रेन, म्हणजे कडकपणाचं अमेरिकी माप, आणि गॅलनमागे एक ग्रेन म्हणजे १७.१ पीपीएम. भागाकार केला असता तर ३० आले असते. ५१ भरल्यावर त्या बिचाऱ्याचा समज झाला की आम्ही समुद्राकाठी राहतो. ते सारखं मध्यरात्री दोनला उठून मीठ खाऊ लागलं. त्यातच एकदा वीज जाऊन आली, त्याचं घड्याळ मागे पडलं आणि रात्री दोनचा कार्यक्रम सकाळी आठला सुरू झाला. रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने मशिन पुन्हा ताजंतवानं करणं, चालू असताना नळाला बोअरचं जड पाणीच येतं, त्यामुळे मी अंगाला साबण लावल्यावर सगळं शास्त्र अनुभवलं.

सोसायटीचा मोठा सॉफ्टनर असेल तर हे कष्ट तुम्हाला नाहीत. तिथे सगळं खजिनदार ठरवतो. ८० घरं, दर घरी ५०० लिटर, म्हणजे रोज ४०,००० लिटर पाणी. टाकीत ४०० लिटर रेझिन, म्हणजे कडकपणा पकडणारे बारीक मणी, आणि एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कडकपणा पकडतं असं धरू. ५०० पीपीएमचं पाणी असेल तर एका दमात बरोबर ४०,००० लिटर निघतं. रोज एकदा मीठ, साधारण ६० किलो. मे महिन्यात बोअर खोल गेली, पाणी ८०० वर पोचलं, की तीच टाकी २५,००० लिटरला दमते. म्हणजे दुपारनंतर सगळ्यांना बोअरच. अशा वेळी खजिनदाराने मीठ वाढवावं की काय? छे! त्याने ते निम्मं करावं, ‘खर्चात बचत’ म्हणून वार्षिक सभेत टाळ्या घ्याव्यात आणि पुढच्या वर्षी ‘रेझिन खराब निघालं’ म्हणून नवं मागवावं. रेझिन तरी खाल्ल्या मिठाला जागतं. पण खायला तर मिळालं पाहिजे ना?

पावसाळ्यात मिठाच्या टाकीत वरून कडक पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी राहते. झाकण उघडून वरून बघा, ‘भरलंय की’ म्हणा आणि झाकण लावा. काठीने टोचून बघणं सभ्य माणसाचं काम नव्हे.

बायपासचा व्हॉल्व्ह मात्र अगदी बंद ठेवा. थोडं कच्चं पाणी मिसळलं तर १०० पीपीएमच्या आसपास बेताचं पाणी मिळेल आणि मीठही वाचेल. मग तक्रार कशाची करणार? शून्यावर आणलंत की आंघोळीनंतर अर्धा तास “साबण जातच नाही हो अंगावरचा” म्हणत पाणी ओतता येतं. तेच पाणी तुळशीला घाला, सोडियमने ती सुकली की सुनेला बोला. दर १०० पीपीएम कडकपणा काढताना लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. घरात कोणाला रक्तदाब असला, तर स्वयंपाकाचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढायला प्लंबरला सांगायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

मी शेवटी ३० भरले, घड्याळ लावलं आणि तारीख टाकून ‘१७ थेंब’ असं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. पंधरा दिवस डाळ लोण्यासारखी शिजली. गुरुवारी आईने कुकर उघडला, डाव फिरवला, एक दाणा बोटांत चेपला आणि किटाकडे बघितलंसुद्धा नाही.

“काय रे, आज टँकर आला होता का?”

आला होता.